भुवयांमधली सुई

माझ्या दोन भुवयांच्या मधे दोन उभ्या आठ्या होत्या. त्या कधी पडल्या ते मला सांगता येणार नाही. उन्हात कापूस वेचताना डोळे बारीक करावे लागतात, तेव्हापासूनच्या असतील. पण आधी घरात येऊन तोंडावर पाणी मारलं की त्या जायच्या. गेल्या काही वर्षांत त्या जाईनाशा झाल्या. झोपेतही दिसतात, असं हे म्हणायचे.

त्याच काळात माझं मन सगळ्यातूनच उठलं. घरात कोणी गेलं नव्हतं, भांडण नव्हतं. तुरीच्या शेंगा सोलायला बसले की टोपलं पुढ्यात तसंच राहायचं. दूध उतू जाताना मला दिसायचं, पण उठून गॅस बंद करावा एवढं अंगात यायचं नाही. रडूसुद्धा येत नव्हतं. दिग्रसच्या डॉक्टरांनी आधी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, मग यवतमाळला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांच्या गोळ्यांनी झोप लागू लागली, दोन घास जाऊ लागले. विहिरीकडे बघून जे विचार यायचे ते थांबले. पण उरलेलं होतं तसंच राहिलं. सकाळ झाली की वाटायचं, आता हा दिवस कसा ओढायचा.

मी मुळातच कमी बोलणारी. मला बोलता येत नाही असं नाही, पण मी तोंड उघडेपर्यंत समोरचं माणूस पुढच्या गोष्टीवर गेलेलं असतं. मग लोक माझ्या तोंडाकडे पाहून काय ते ठरवतात. वावरात बायका म्हणायच्या, "काहून वो, कोणावर तापून राह्यली?" मी "नाही" म्हणायचे, आणि म्हणताना आठ्या अजून खोल व्हायच्या.

सून घरात आली तेव्हा हे सगळं असंच होतं. आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं मला चहा दिला आणि उभी राहिली. "आई, साखर बरोबर हाये का?" मी मान हलवली. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, कप माझ्या हातातून घेतला, आत गेली आणि नवा चहा करून आणला. पहिलाच चहा चांगला होता, एवढं सांगायचं होतं. मी सांगितलं नाही. नवा चहा प्याले. त्यानंतर ती माझ्यासमोर फार उभी राहत नसे.

बाळंतपणाला ती माहेरी राळेगावला गेली. मुलगा झाला. बारशाला मी गेले, तेव्हा कोणीतरी त्याला माझ्या मांडीवर ठेवलं. मी त्याच्याकडे बघत होते आणि खोलीतल्या सगळ्या बायका माझ्याकडे. विहीणबाईंनी पटकन त्याला उचलून घेतलं. "झोपला, झोपला," म्हणाल्या. तो जागा होता. चांगला टकटक बघत होता.

मग तिला परत आणायची वेळ झाली. माझा मुलगा आणायला गेला आणि एकटाच आला. पुढच्या महिन्यात पुन्हा गेला, पुन्हा एकटा आला. त्या दिवशी मी मागच्या न्हाणीपाशी भांडी घासत होते. तो त्याच्या बाबांना सांगत होता ते भिंतीपलीकडून स्पष्ट ऐकू आलं.

"ती म्हणते, आईच्या तोंडाकडे पाह्यलं का मले भेव वाटते. म्हणते, लेकराले त्या नजरेखाली नाई ठेवत. दिग्रसले खोली पाहा, नाईतर मी इथंच राहतो."

"मंग?" हे म्हणाले.

"मंग काय? पाहून राह्यलो खोली. होळीपासून रिकामी होऊन राह्यली एक."

 मी नळ जोरात सोडला, म्हणजे त्यांना वाटावं मला ऐकू आलं नाही.

रागावले असते तर एक गोष्ट होती. राग सोडता येतो. मी तर रागावलेच नव्हते. मग काय सोडू?

माझी मुलगी यवतमाळला त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे कामाला आहे. बाहेर पेशंटची नावं लिहिते, आत मॅडमच्या हाताखाली सामान देते. संक्रांतीनंतर तिचा फोन आला. "आई, आमच्याकडे एक सुई देतात. लग्नाच्या आधी बायका घेतात, आठ्या जातात कपाळावरच्या. मी मॅडमले तुझं सांगितलं. त्या म्हणे, काही ठिकाणी डॉक्टरांनी ही सुई उदास माणसांनाही देऊन पाह्यली. काहींना बरं वाटलं. काहींना नाही वाटलं."

"कपाळाले सुई दिली त मनाले कसं समजन?"

"ते मलाही नीट नाही समजलं. चेहरा अन् मन एकमेकाले सांगत असतात म्हणे. कपाळ आवळलंच नाही तर मनाले तिकडून कमी सांगावा जाते, असं काहीतरी. पण पक्कं नाही, आई. मॅडमनं दोनदा सांगितलं, पक्कं नाही."

मी मनासाठी गेले असं म्हटलं तर ते खोटं होईल. मनाचं काही होईल याची आशा मी तेव्हा सोडलीच होती. मला त्या आठ्या घालवायच्या होत्या. सुनेला माझ्या तोंडाकडे पाहून भीती वाटू नये आणि होळीच्या आधी पोरगं घरी यावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. यांना मी सांगितलं की गोळ्या संपल्या, आणायला जाते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यवतमाळला जायचं खोटं कारण मी त्यांना पहिल्यांदाच सांगितलं.

दवाखान्यात माझ्या मुलीच्या वयाच्या पोरी बसल्या होत्या. मी पदर डोक्यावरून पुढे ओढून भिंतीकडच्या खुर्चीवर बसले. कोणी ओळखीचं येईल या भीतीनं दार उघडलं की मी मान खाली घालायचे.

मॅडमनी आधी माझ्या मनाच्या डॉक्टरांना माझ्यासमोरच फोन लावला. मग मला म्हणाल्या, "आठ्या जातील हे मी खात्रीनं सांगू शकते. उदासीचं नाही सांगू शकत. फरक पडला तर चांगलंच. नाही पडला तर तुमचं काही चुकलं असं समजू नका. गोळी मात्र एक दिवसही सोडायची नाही. जमेल?"

मी मान हलवली.

"तोंडानं सांगा."

"जमन," मी म्हणाले.

त्यांनी मला आडव्या खुर्चीवर टेकवलं. मुलीनं माझी टिकली काढली, कपाळ पुसलं. मॅडमनी हातात पेनासारखं काही घेतलं. "आता रागावून दाखवा. कोणावर तरी खूप चिडल्यासारखं करा."

मला येईना. मी प्रयत्न केला, पण काय करायचं तेच कळेना. मॅडम थांबल्या. माझी मुलगी बाजूला ट्रे घेऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "आई, घरी बसते तशी बस."

मी बसले.

"हां, बरोबर," मॅडम म्हणाल्या आणि खुणा केल्या. मुलगी दुसरीकडे बघत होती.

 सुया लाल मुंगी चावल्यासारख्या टोचल्या, थोड्याच होत्या. नंतर मॅडमनी सांगितलं, आजचा दिवस कपाळ दाबायचं नाही, चोळायचं नाही, टिकली नाही, कुंकू नाही, काही तास आडवं पडायचं नाही आणि खाली वाकून काम करायचं नाही. औषध जिथं दिलं तिथंच राहायला पाहिजे, सरकलं तर डोळ्यावर येऊ शकतं.

मुलगी मला खालपर्यंत सोडायला आली. "आई, सरळ स्टँडवर जा. गाडीत बस. कोणी कुंकू लावाले आलं त नाही म्हण."

"व्हय."

"म्हणशील?"

"म्हणीन ना."

ते दिवस हळदीकुंकवाचे होते. गावात रोज कोणाच्या ना कोणाच्या घरी बोलावणं. मोकळ्या कपाळानं घराबाहेर मी जन्मात कधी पडले नव्हते. आमच्याकडे नवरा गेल्यावर कपाळ मोकळं होतं, आणि लोकांची नजर आधी तिथंच जाते. स्टँडवर मी पदर भुवयांपर्यंत ओढला आणि दिग्रसच्या फलाटावर खांबाच्या आड उभी राहिले. गाडी लागली नव्हती. प्रत्येक बाई माझ्याच कपाळाकडे बघते आहे असं मला वाटत होतं. गाडी लवकर लागू दे, एवढंच मी म्हणत होते.

"ईनबाई!"

मी आवाज ओळखला. विहीणबाई. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन राळेगावच्या फलाटाकडून तरातरा येत होत्या. यवतमाळला त्यांची बहीण असते, तिच्याकडे हळदीकुंकवाला आल्या होत्या. त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि मला मिठी मारली. पदर मागे सरकला.

त्यांचे हात माझ्या खांद्यावरच थांबले.

"अगं माय! कपाळ मोकळं काहून?" आवाज एकदम खाली गेला. "इवाई बरे हायेत ना? काही झालं का? मले सांगतलं नाई कोणं?"

"हे बरे हायेत, बरे हायेत."

"मंग हे काय? टिकली पडली?"

मी काहीतरी पुटपुटले. खरं सांगावं तर सगळा स्टँड ऐकणार होता, आणि दुसऱ्या दिवशी राळेगाव ऐकणार होतं की सासू तोंडाला सुया टोचून आली. खोटं मला जमेना.

"बाई, अशी कशी उभी तुम्ही चारचौघांत? संक्रांतीच्या दिवसांत?" तोवर त्यांचा हात पिशवीत गेला होता. बहिणीकडून आणलेला करंडा निघाला. "थांबा."

"राहू द्या," मी म्हणाले.

"राहू द्या काय!"

"राहू द्या ना, ईनबाई."

त्यांनी डाव्या हातानं माझं डोकं मागून धरलं आणि उजव्या अंगठ्यानं कुंकू दाबलं. बरोबर त्याच जागी. त्यांचा अंगठा चांगला जाडजूड आहे. दाबलं, मग गोल फिरवलं, नीट बसेना म्हणून परत फिरवलं.  आत काहीतरी सरकतंय असं वाटत होतं. तसं काही सरकत नसेलही, पण मला वाटत होतं.

"हां," त्या लांब होऊन म्हणाल्या. "आता दिसली बाई. नाईतर माया जीव गेलता."

मग मी पोराचं विचारलं. त्या म्हणाल्या चांगला आहे, पालथा पडतो. "आणि पोरगी?" त्यांनी पिशव्या उचलल्या. "तिचं तिले माहीत. मी काय सांगू? जावयानं खोली पाह्यली म्हणे." मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि घाईनं म्हणाल्या, "तुम्ही रागावू नका, बाई." त्या गेल्या.

गाडीत मी सरळ बसून राहिले. कपाळाला हात लावायची हिंमत होईना. घरी आले तर कपाळावर कुंकू होतं, म्हणून यांनी काही विचारलंच नाही. मोरीत जाऊन मुलीला फोन केला.

"चोळलं का त्यांनी?" ती म्हणाली.

"गोल गोल."

तिनं मला डोळे उघडझाप करून पाहायला लावलं. मग म्हणाली, "बघू आता. कदाचित काही नाही होणार."

त्यानंतरचे दिवस मी आरशाजवळ घालवले. हे बाहेर गेले की आरसा, अंगणातून आले की आरसा. आठवड्याच्या आतच आठ्या सैल पडू लागल्या. कपाळ आवळून पाहिलं तर आवळेना, जसं कोणी मधे हात ठेवला आहे. मला बरं वाटलं. खूप नाही, पण वाटलं. त्या दिवशी मी दुधाचा गॅस वेळेवर बंद केला, हे आठवतं.

आणि एका सकाळी डावी पापणी खाली आली होती. मी ती वर ओढली, ती परत आली. अर्धा डोळा झाकलेला. उजवा डोळा मोठा आणि डावा झोपलेला. शेजारची बाई पाणी भरायला आली आणि बादली तशीच ठेवून ओरडली, "अवो भाऊ, बाईले लकवा झाला वाटते!"

यांनी गाडी काढली. घाईत त्यांनी चपला उलट्या पायांत घातल्या. ते मी पाहिलं आणि मला राहवेना. अंगणातच सांगितलं, लकवा नाही, सुई आहे, मी गोळ्यांसाठी गेले नव्हते. सगळं एका दमात नाही सांगता आलं. त्यांना दोनतीनदा विचारावं लागलं.

"म्हंजे तू कपाळाले सुया टोचून आली? आठ्या जायसाठी?"

"व्हय."

त्यांनी गाडीची चावी परत खिळ्याला लावली आणि ओट्यावर बसले.  मग म्हणाले, "लग्नाच्या आधी टोचल्या असत्या त मी समजलो असतो. आता कोणाले दाखवतं बाई?"

मी सांगितलं कोणाला दाखवायचं ते. ते हसले नाहीत मग.

मॅडमनी फोनवर सांगितलं, चोळल्यानं झालं असेल, कधी कधी न चोळताही होतं, काही आठवड्यांत पापणी आपोआप वर येईल. मुलीनं डोळ्यात घालायचे थेंब एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवले. पण तेवढे आठवडे आमच्याजवळ नव्हते. यांनी राळेगावला जायचं व्याह्यांशी रविवारचं ठरवून ठेवलं होतं. मुलगा येणार नव्हता, तो म्हणाला, "मी दोनदा जाऊन आलो, आता तुम्ही पाहा." होळी जवळ आली होती आणि खोलीवाल्याला त्यानं जवळजवळ हो म्हटलं होतं. थांबून डोळा नीट झाला असता, पण तोवर सून खोलीत राहायला गेली असती, आणि एकदा वेगळी चूल झाली की ती परत एक होत नाही, हे मी गावात पाहिलं आहे. आम्ही गेलो.

पूर्ण रस्ताभर मी डावीकडे खिडकी येईल अशी बसले, म्हणजे तो डोळा कोणाला दिसू नये.

राळेगावला विहीणबाईंनीच दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात तोंडावर गेला. "अगं बाई, डोया काय झाला हा?"

"थोडं... उतरते ते," मी म्हणाले.

"उतरते काय! लकवा हाये हा. माया मामाले असाच झालता, आधी डोया, मंग तोंड, मंग हात. तिकडे ढाणकीले एक माणूस तेल देते, जावा तुम्ही, आजच जावा." व्याही उठून यांना खुर्ची देत होते आणि यांच्याकडे प्रश्नानं बघत होते. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलत नाही असं पाहून हे पंख्याकडे बघू लागले. नंतर यांनी मला सांगितलं, तुझं तू सांगशील असं मला वाटलं.

मी सांगितलं नाही. विहीणबाई पाणी आणायला आत गेल्या. मधे फक्त पडदा होता. त्या आपल्या मते हळू बोलत होत्या.

"पाह्यलं का तू? आता त मी पाठवतच नाई तुले. लेकरू पाहशील का लकव्याची सासू पाहशील? बापाले सांगतो, स्पष्ट सांगा त्याइले."

सुनेचा आवाज आला नाही. पोराचा आला, काहीतरी बडबडत होता.

मला अजूनही समजत नाही मी कशी उठले. दुसऱ्याच्या घरी बोलावल्याशिवाय आतल्या खोलीत जायची मला सवय नाही. पडदा सरकवला. विहीणबाई हातात तांब्या घेऊन उभ्या होत्या. सून पलंगावर पोराला घेऊन बसली होती. मला पाहून तिनं त्याला छातीशी धरलं. मला ते दिसलं.

"लकवा नाई," मी म्हणाले.



"सुई घेतली मी. कपाळाले. आठ्या जायसाठी." मी पडदा हातात तसाच धरला होता. "मी तुयावर रागावली नव्हती. कधीच नव्हती. मले बरं नाई राहत. मनाचं. गोळ्या चालू हायेत. यवतमाळच्या डॉक्टरच्या."

"डोक्याच्या गोळ्या?" विहीणबाई म्हणाल्या.

"माय, तू थांब जराशी," सून म्हणाली. तिनं पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. आधी कपाळाकडे, मग त्या डोळ्याकडे. "तुम्ही सुई घेतली? तुम्ही?"

"व्हय."

"मायासाठी?"

मी पोराकडे पाहिलं. "याच्यासाठी बी."

"मंग डोया कसा पडला?"

"चोळलं गेलं. चोळायचं नव्हतं."

"कोणं चोळलं?"

मी विहीणबाईंचं नाव घेतलं नाही. पण मला खरं लपवता येत नाही. माझी नजर कुठे गेली असेल कोण जाणे. विहीणबाईंनी तांब्या खाली ठेवला. हळूहळू त्यांच्या लक्षात येत होतं, ते मला दिसत होतं.

"स्टँडवर," त्या म्हणाल्या. "मी कुंकू लावलं होतं, ते?"

"राहू द्या, ईनबाई."

"अवो, मंग सांगायचं होतं ना! देवानं तोंड दिलं ना तुम्हाले?"

"सांगतलं होतं."

"कधी?"

"राहू द्या म्हटलं होतं. दोनदा."

"ते त सगळ्याच म्हणतात!" विहीणबाई ओरडल्या. "कुंकू लावताना कोण राहू द्या म्हणत नाई? मीबी म्हणतो! आता तुमचं राहू द्या खरं हाये हे मले कसं समजन?"

आणि सून हसली. आधी थोडी, मग तिला आवरेना, पोरगंही तिच्या अंगावर हलायला लागलं. विहीणबाई तिच्यावर चिडल्या, "दात काढू नको, डोया गेला असता बाईचा!" आणि मग पदरानं स्वतःचेच डोळे पुसू लागल्या. मला हसावं का नाही कळत नव्हतं. माझं कपाळ हलत नव्हतं. ते तसंच सपाट राहिलं.

हसू थांबल्यावर सुनेचा चेहरा पुन्हा घट्ट झाला. मला वाटलं, झालं, आता ती नाही म्हणणार.

"एक सांगा," ती म्हणाली. "आधी कपाळावर आठ्या दिसत होत्या. मले वाटे राग हाये. चुकीचं समजलो, ठीक. पण आता त कपाळावर काहीच नाई. आता तुम्हाले बरं हाये का नाई, हे मले कसं समजन?"

 मी त्याचा विचारच केला नव्हता.

"मी सांगीन," मी म्हणाले.

"तुम्ही? सांगान?" तिनं मान हलवली. ती खवचटपणे म्हणाली नाही, पण तिचा विश्वास बसला नाही. "चहा बरा हाये का नाई हे तुम्ही वर्षभर सांगतलं नाई, आई."

मी खाली बघितलं.

"आज नाई येत मी," ती म्हणाली. "तुम्ही मले रोज फोन करा. तुम्ही. तुमच्या लेकाले करायले लावू नका, बाबाले लावू नका. रोज सांगा कसं हाये. मंग मी पाहीन. खोलीचंबी मंग पाहीन."

आम्ही दोघंच परत आलो. गाडीत हे म्हणाले, "करशील का?" मी म्हणाले, "माहीत नाही."

फोन करणं मला सुईपेक्षा जड गेलं. सुईला फक्त पडून राहायचं होतं. पहिल्या दिवशी ती "हॅलो" म्हणाली आणि मी म्हणाले, "मी." ती म्हणाली, "मी कोण?" मी म्हणाले, "मीच."  शेवटी मी विचारलं, "जेवली का?" ती म्हणाली, "ते माया नवरा विचारते. तुमचं सांगा." मी म्हटलं, आज वरण चांगलं झालं. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी फोन हातात घेऊन मी अंगणात उभी राहिले तर यांनी मुद्दाम बैलाला पाणी पाजायला सुरुवात केली, तिकडे तोंड करून, म्हणजे मला लाज वाटू नये. हळूहळू मी सांगू लागले. पापणी कणभर वर आली. दुपारी पडून होते. तुरीचा भुसा डोळ्यात गेला. "आज बरं नाई, पण राग नाई," असं मी एकदा म्हटलं, तर ती म्हणाली, "हे चांगलं सांगतलं. असंच सांगत जा." यवतमाळहून मुलगी विचारायची, मनाला फरक वाटतो का. मला खरंच सांगता येत नव्हतं. सकाळी उठताना पूर्वीइतकं जड वाटत नव्हतं. ते सुईनं, का गोळ्यांनी, का संध्याकाळी कोणाला तरी काय सांगायचं याचा दिवसभर विचार करावा लागायचा म्हणून, मला माहीत नाही. मॅडमनाही माहीत नाही, त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं.

एका संध्याकाळी मला काहीच बोलावंसं वाटेना. फोन चार्जिंगला लावून मी अंथरुणावर पडले. मुलगा आला, खोलीच्या मालकाचा निरोप आला होता की हो का नाही ते उद्या सांगा. ऐकलं, तरी उठवेना. मग फोन वाजला. तिचा होता. तिनं मला आपणहून फोन केला नव्हता कधी.

"आज फोन नाई आला तुमचा."

"नाई केला."

"काहून?"

"नाई वाटलं बोलावंसं. कोणाशीच नाई." मग मी म्हणाले, "उद्या खोलीवाल्याले सांगायचं हाये."

"माहीत हाये मले."  मागे पोरगं रडत होतं. "गोळी घेतली?"

"घेतली."

"मंग झोपा. मी पाहतो खोलीचं."

तिनं काय पाहिलं ते मला सकाळी मुलाकडून समजलं. त्यानं खोलीवाल्याला नाही म्हणून सांगितलं होतं.

होळीच्या आधी ती आली. मुलगा तिला आणायला गेला होता, मी आणि हे दिग्रसच्या स्टँडवर थांबलो होतो. यवतमाळची गाडी भरून आली. मुलगा मागच्या गर्दीत सामानात अडकला होता. ती पोराला कडेवर घेऊन पुढच्या दाराच्या पायरीवर आली आणि मला पाहून तिथंच थांबली. मागची माणसं ढकलत होती. कंडक्टर ओरडला, "बाई, उतरा ना लवकर!"

"थांबा हो," ती त्याला म्हणाली. मग मला म्हणाली, सगळ्यांसमोर, "आई, आज कसं हाये?"

माझ्या भोवती पाचपन्नास माणसं होती. मला वाटलं मान हलवावी.

"भेव वाटून राह्यला," मी म्हणाले.

"मलेबी," ती म्हणाली, आणि वाकून पोराला माझ्या हातात दिलं.